घर्षणाचा माग काढणारा इंजिनियर

मुलांनो, तुम्ही कॅरम खेळला असालच. बोर्डावर पावडर नसेल तर काय होते? स्ट्रायकर कितीही जोरात मारा, सोंगटी अर्ध्या वाटेत अडते. राणी भोकाच्या तोंडाशी येऊन थांबते. मग कुणीतरी बोरिक पावडरची चिमूट बोर्डावर टाकतो, तळहाताने पसरतो आणि तीच सोंगटी सरळ भोकात जाते. हाताचा जोर तोच, सोंगटी तीच, बोर्डही तोच. मग बदलले काय?

बदलले ते घर्षण. दोन वस्तू एकमेकींवर घासू लागल्या, की त्यांच्या हालचालीला अडवणारे एक बल तयार होते. त्या बलाला घर्षण म्हणतात. घर्षण नसते, तर आपल्याला चालता आले नसते. खडूने फळ्यावर लिहिता आले नसते. सायकलचा ब्रेक लागला नसता. पण हेच घर्षण यंत्राचे भाग तापवते, झिजवते आणि इंधनाचा मोठा वाटा फुकट घालवते. म्हणूनच घर्षण कुठे तयार होते, किती असते आणि ते कमी कसे करावे, हे जाणून घेण्यासाठी माणसाने शेकडो वर्षे खटपट केली आहे.

या खटपटीत एका फ्रेंच इंजिनियरचा वाटा फार मोठा आहे. त्यांचे नाव चार्ल्स ऑगस्टिन द कूलोम. विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतप्रभाराचे 'कूलोम' हे एकक तुम्ही वाचले असेल किंवा पुढे वाचाल. ते त्यांच्याच नावावरून पडले आहे. विजेमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. पण त्याआधी त्यांनी एका बंदरात लाकडावर लाकूड घासून कित्येक दिवस काढले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांची ही गोष्ट ऐका.

कूलोम यांचा जन्म १४ जून १७३६ रोजी फ्रान्समधील आंगुलेम या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते. पुढे हे कुटुंब पॅरिसला राहायला आले. तेथे चार्ल्सला चांगले शिक्षण मिळाले. गणित आणि खगोलशास्त्र या विषयांची त्याला विशेष गोडी लागली. मुलाने वैद्य व्हावे, अशी आईची इच्छा होती. चार्ल्सने मात्र गणितच शिकायचे ठरवले. घरात वाद झाला आणि तो इतका वाढला, की आईने मुलाशी संबंधच तोडला. त्याच सुमारास वडिलांचा पैसाही व्यवहारात बुडाला होता आणि ते दक्षिणेकडील माँपेलिए या शहरात जाऊन राहिले होते. चार्ल्स तेथे वडिलांकडे गेला. घरचा आधार कमी झाला, पण अभ्यास सुटला नाही. १७५७ साली माँपेलिए येथील विज्ञान संस्थेने त्याला आपल्या सभासदांत घेतले. त्या वेळी त्याचे वय जेमतेम वीस वर्षांचे होते.

गणिताची आवड होती, पण पोटापाण्याचेही पाहायला हवे होते. त्या काळी हुशार मुलांना लष्करी इंजिनियर होण्याची वाट मोकळी होती. कूलोम यांनी मेझिएर येथील प्रसिद्ध लष्करी इंजिनियरिंग शाळेत प्रवेश घेतला आणि १७६१ साली तेथील शिक्षण पूर्ण केले. किल्ले बांधणे, भिंती उभारणे, नकाशे काढणे, बंदरे सुधारणे, ही आता त्यांची कामे होती.

पहिली काही वर्षे फ्रान्समध्येच गेली. १७६४ साली मात्र त्यांना समुद्रापार जावे लागले. कॅरिबियन समुद्रात मार्टिनिक नावाचे एक बेट आहे. त्या बेटावर फ्रेंचांचा ताबा होता. इंग्रजांनी ते १७६२ साली जिंकले होते आणि पुढच्या वर्षी तह होऊन ते फ्रान्सला परत मिळाले होते. पुन्हा हल्ला झाला तर बचाव करता यावा, म्हणून तेथे एक भक्कम किल्ला बांधायचा होता. हे काम कूलोम यांच्याकडे आले. कूलोम तेथे आठ वर्षे अडकून पडले. हवा दमट, ऊन कडक आणि तापाच्या साथी वरचेवर येणाऱ्या. त्यांच्याबरोबरची कितीतरी माणसे आजाराने दगावली. कूलोम स्वतः अनेकदा गंभीर आजारी पडले. त्यांची प्रकृती जी बिघडली, ती पुढे कधी पूर्ण सुधारली नाही.

पण याच बेटावर ते एक मोठा धडा शिकले. शाळेत शिकलेली सूत्रे आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक पडत होता. भिंतीमागे मातीचा भराव टाकला, की माती भिंतीला ढकलते. ती किती जोराने ढकलते? मातीचे कण एकमेकांवर घासतात, म्हणून ती पाण्यासारखी वाहून जात नाही. म्हणजे या हिशोबात घर्षण धरलेच पाहिजे. घर्षण विसरले, तर भिंतीचा हिशोब चुकतो. असे अनुभव कूलोम टिपून ठेवत गेले. १७७२ साली ते मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध वाचला. कमानी, खांब आणि मातीच्या भिंती यांवरील हा निबंध बांधकाम शास्त्रात आजही महत्त्वाचा मानला जातो.

त्यानंतर अकादमीने एक स्पर्धा जाहीर केली. जहाजांसाठी अधिक चांगले होकायंत्र कसे बनवावे, हा तिचा विषय होता. होकायंत्रातील चुंबकसुई एका टोकदार खिळ्यावर फिरत असे. सुई आणि खिळ्याचे टोक यांच्यामध्ये घर्षण असल्यामुळे ती थोडी आधीच अडकायची आणि दिशा किंचित चुकायची. कूलोम यांनी वेगळी युक्ती काढली. त्यांनी खिळाच काढून टाकला आणि सुई एका बारीक धाग्याला टांगली. जेथे घासण्याची जागाच उरली नाही, तेथे घर्षण कसले? १७७७ साली त्यांना या स्पर्धेचे बक्षीस मिळाले. ते त्यांनी डच शास्त्रज्ञ व्हान स्विंडेन यांच्याबरोबर वाटून घेतले.

मुलांनो, धागा टांगून सुईचा प्रश्न सुटला. पण जहाज काही धाग्याला टांगता येत नाही! बंदरावर मोठमोठी लाकडी जहाजे उतारावरून समुद्रात ढकलत. कप्प्यांवरून जाड दोर ओढत. गाड्यांचे आस करकरत. या सगळ्या ठिकाणी किती जोर घर्षणात वाया जातो, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हते. १६९९ साली गियोम आमाँताँ या शास्त्रज्ञाने घर्षणाचे दोन नियम मांडले होते. पण त्यांवर सर्वांचा विश्वास नव्हता. म्हणून अकादमीने नवी स्पर्धा ठेवली. तिची अट अशी होती, की उत्तर केवळ कागदावर नको. ते मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगांतून आले पाहिजे आणि आरमाराच्या उपयोगी पडले पाहिजे. पहिल्या वेळी एकही उत्तर पसंत पडले नाही. तेव्हा बक्षीस दुप्पट करून १७८१ ही नवी मुदत देण्यात आली.

१७७९ साली कूलोम यांची नेमणूक रोशफोर येथे झाली. हे आरमाराचे मोठे बंदर शाराँत नदीवर आहे. त्यांचे जन्मगाव आंगुलेमही याच नदीकाठी. जवळच्या एका बेटावर लाकडी किल्ला बांधण्याच्या कामात मदत करण्यासाठी त्यांना पाठवले होते. दिवसाचे काम आटोपून ते जहाजांच्या गोदीत जात. तेथे लाकूड, लोखंड, दोर, चरबी, वजने, सारे काही हाताशी होते. त्यांनी गोदीलाच प्रयोगशाळा केले.

त्यांचा प्रयोग साधा होता. ओक लाकडाचे एक लांब, भक्कम टेबल तयार केले. त्यावर चाके नसलेली एक लाकडी गाडी ठेवली. गाडीला दोर बांधला. दोर टेबलाच्या टोकाला असलेल्या कप्पीवरून खाली सोडला आणि त्याला वजने टांगली. किती वजन टांगल्यावर गाडी हलते, ते पाहायचे. हलल्यावर किती वेळात किती सरकते, तेही पाहायचे. मग एक गोष्ट बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

त्यांनी गाडीवरचा भार कमीजास्त केला. गाडीच्या तळाची जागा रुंद केली, अरुंद केली. ओकवर ओक घासून पाहिले, ओकवर दुसरे लाकूड, लाकडावर लोखंड, लोखंडावर पितळ. लाकडाचे तंतू एका दिशेत ठेवून पाहिले, मग आडवे ठेवून पाहिले. कोरडे पृष्ठभाग घेतले, मग चरबी लावून घेतले. एकदा गाडी ठेवल्याबरोबर ओढली, एकदा काही मिनिटांनी, तर एकदा काही दिवसांनी. प्रत्येक वेळी आकडे लिहून ठेवले. हे काम कंटाळवाणे होते. त्यात चमत्कार काहीच नव्हता. पण याच आकड्यांतून हळूहळू नियम दिसू लागले.

भार दुप्पट केला, की घर्षण साधारण दुप्पट होते. तळाची जागा रुंद असो वा अरुंद, भार तोच असेल तर घर्षणात फारसा फरक पडत नाही. वस्तू हलवायला जितका जोर लागतो, त्यापेक्षा ती हलल्यावर ओढत ठेवायला कमी जोर लागतो. लाकूड लाकडावर काही काळ टेकून राहिले, तर ते हलवणे अधिक कठीण जाते. धातूवर धातू असेल, तर थांबण्याचा जवळपास परिणाम होत नाही. वेग थोडाफार वाढला, तरी घर्षण बहुतेक वेळा तेवढेच राहते. तुम्ही स्वतः जड पेटी ढकलून पाहा. पहिला धक्का सर्वांत मोठा लागतो, नंतर पेटी तुलनेने सहज सरकते. कूलोम यांनी हीच गोष्ट मोजून दाखवली.

घर्षण होते तरी का, याचाही त्यांनी विचार केला. लाकूड वरून गुळगुळीत दिसले, तरी त्यावर बारीक तंतू असतात. दोन ब्रश एकमेकांवर ठेवले, की त्यांचे केस एकमेकांत घुसतात. तसेच या तंतूंचे होत असावे, असे त्यांना वाटले. वस्तू थोडा वेळ टेकून राहिली, की केस अधिक खोल घुसतात. म्हणून पहिला धक्का मोठा लागतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना थोडे चिकटतही असावेत, हे त्यांनी नाकारले नाही. पण त्यांच्या आकड्यांत तो भाग अगदी लहान दिसत होता. म्हणून त्यांनी त्याला लहानच म्हटले. १७८१ साली अकादमीचे बक्षीस त्यांना मिळाले. त्याच वर्षी ते अकादमीचे सभासद झाले आणि पॅरिसला स्थायिक झाले.

आकड्यांशी इमान राखणारा माणूस माणसांच्या व्यवहारातही तसाच वागतो का, याची परीक्षा लवकरच झाली. १७८३ साली ब्रिटनी प्रांतात कालवे आणि बंदरे बांधण्याची एक मोठी योजना निघाली. तिची पाहणी करायला कूलोम यांना पाठवले. पाहणी केल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले, की खर्चाच्या मानाने या योजनेचा फायदा होणार नाही. हे उत्तर अधिकाऱ्यांना आवडले नाही. कूलोम यांना काही दिवस कैदेत ठेवण्यात आले. तरी त्यांनी आपले मत बदलले नाही. पुढे प्रांताच्या लोकांना त्यांचे म्हणणे पटले. त्यांनी कूलोम यांना मोठे इनाम देऊ केले, पण त्यांनी फक्त सेकंद दाखवणारे एक उत्तम घड्याळ घेतले आणि ते प्रयोगांसाठी वापरले, असे सांगतात.

पॅरिसमध्ये त्यांनी पुन्हा त्या बारीक धाग्याकडे लक्ष दिले. टांगलेली तार किती पिळली जाते, यावरून अगदी नाजूक बल मोजता येते, हे त्यांनी ओळखले. १७८५ साली अशाच उपकरणाने त्यांनी दोन विद्युतप्रभारांमधील बल मोजले. अंतर दुप्पट केले, तर हे बल चौथा हिस्सा उरते, असे त्यांना दिसले. हाच तो प्रसिद्ध कूलोमचा नियम. होकायंत्रातील घर्षण टाळण्यासाठी काढलेली युक्ती अशी विजेच्या अभ्यासात कामाला आली.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. कूलोम यांनी १७९१ साली लष्करी नोकरी सोडली. १७९३ साली अकादमीही बंद झाली. ते आपले मित्र बोर्दा यांच्यासह ब्लुआ गावाजवळच्या घरी जाऊन राहिले. १७९५ साली नवी विज्ञान संस्था स्थापन झाल्यावर ते पॅरिसला परतले. १८०२ पासून ते शिक्षण खात्याचे निरीक्षक होते. प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी नव्या शाळा उभ्या करण्याच्या कामात भाग घेतला. २३ ऑगस्ट १८०६ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ साली विद्युतप्रभाराच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले. पॅरिसच्या आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांमध्येही त्यांचे नाव आहे.

माणूस गेला, पण त्याने विचारलेला प्रश्न संपला नाही. पुढे शास्त्रज्ञांना कळले, की पृष्ठभागांचे चिकटणे कूलोम यांना वाटले त्यापेक्षा बरेच महत्त्वाचे आहे. गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग खरे तर थोड्याच उंचवट्यांवर टेकतात आणि तेथे ते चिकटतात.

आता तुमच्या दप्तरातली पेन्सिल काढा. तिच्या आत ग्रॅफाइट असते. ग्रॅफाइट हे कार्बनच्या अतिशय पातळ थरांचे बनलेले असते. पुस्तकाच्या पानांसारखे हे थर एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक थर फक्त एका अणूइतका जाड. थर एकमेकांना सैल धरून असतात, म्हणून ते सहज सरकतात. कागदावर जी काळी रेघ उमटते, ती या सरकलेल्या थरांचीच. कॅरमची बोरिक पावडरही अशीच थरांची असते. आता कळले ना, सोंगटी का पळते?

२००४ साली नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात शास्त्रज्ञांनी ग्रॅफाइटचा एक सूक्ष्म तुकडा ग्रॅफाइटवरच सरकवून पाहिला. अंड्यांचे दोन ट्रे एकावर एक नीट बसवले, तर ते एकमेकांत अडकतात. वरचा ट्रे थोडा फिरवला, तर अडकत नाहीत. अणूंच्या थरांचेही तसेच झाले. वरचा तुकडा थोडा फिरवताच घर्षण जवळजवळ नाहीसे झाले.

पण 'जवळजवळ' म्हणजे पूर्ण नाही. उरलेले घर्षण कुठे असते? त्याचा बराचसा भाग थरांच्या कडांवर असतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. थराच्या मध्ये असलेल्या प्रत्येक कार्बन अणूने तीन शेजाऱ्यांचे हात धरलेले असतात. कडेच्या अणूला मात्र एक शेजारी कमी. त्याचा एक हात रिकामा राहतो. तो रिकामा हात समोर येईल त्याला पकडतो आणि सरकणारा थर तेथे अडतो.

याचा फटका विमानांना बसला होता. १९४० च्या दशकात विमाने खूप उंच जाऊ लागली. त्यांच्या वीजयंत्रांत ग्रॅफाइटचे ब्रश असत. जमिनीवर हे ब्रश चांगले टिकत, पण उंचावर काही तासांत झिजून त्यांची भुकटी होई. कारण शोधल्यावर कळले, की उंचावरची हवा विरळ आणि फार कोरडी असते. जमिनीवरच्या हवेत पाण्याची वाफ असते. ती वाफ कडेच्या अणूंचे रिकामे हात भरून टाकते, म्हणून ते दुसऱ्या थराला पकडत नाहीत. उंचावर वाफ मिळत नाही, म्हणून कडा चिकटतात आणि ब्रश झिजतो. मग ब्रशमध्ये निराळे पदार्थ मिसळून हा दोष कमी करण्यात आला.

आजचे शास्त्रज्ञ एका अणूइतक्या पातळ थरांवर हेच काम अधिक बारकाईने करत आहेत. कडेच्या अणूंचे रिकामे हात हायड्रोजनसारख्या अणूंनी भरावेत. कडा कमी खडबडीत कराव्यात. वरच्या थराची कड खालच्या थराच्या कडेवर येणारच नाही, अशी रचना करावी. असे वेगवेगळे उपाय ते करून पाहत आहेत. हे साधले, तर लहान यंत्रांचे भाग तेलाशिवाय फिरू शकतील आणि फार कमी झिजतील.

रोशफोरच्या गोदीत कूलोम यांना अणूंचे थर दिसणे शक्य नव्हते. त्यांच्याकडे लाकडी टेबल, दोर आणि वजने एवढेच होते. त्यांची ब्रशची कल्पना पुढे अपुरी ठरली. तरीही त्यांचे आकडे आजही इंजिनियरांच्या उपयोगी पडतात, कारण ते त्यांनी प्रामाणिकपणे मोजले होते. पुढच्या वेळी कॅरमच्या बोर्डावर सोंगटी अडली, तर लगेच पावडर टाकू नका. आधी क्षणभर थांबून विचार करा, की ती नेमकी कुठे अडली आणि का अडली. कूलोम यांनीही हाच प्रश्न विचारून सुरुवात केली होती.